गोष्टीचा शेवट कुणाच्या हातात?

द्रौपदीला द्यूतसभेत आणायला आधी दुःशासन जात नाही. आधी जातो प्रातिकामी, दुर्योधनाचा एक सेवक. तो निरोप सांगतो आणि द्रौपदी त्याच्यासोबत निघण्याऐवजी त्याच्याच हाती एक प्रश्न परत पाठवते: युधिष्ठिर आधी कोणाला हरला, स्वतःला की मला? सेवक सभेत येऊन तो प्रश्न विचारतो. युधिष्ठिर गप्प. पुढे तिला फरफटत आणल्यावर ती साऱ्या सभेला तेच विचारते, तेव्हा भीष्म म्हणतात की धर्म फार सूक्ष्म आहे, मला याचा निवाडा करता येत नाही. बोलतो तो विकर्ण, कौरवांमधलाच एक. द्रौपदी जिंकली गेलेलीच नाही, असं तो कारणं देऊन सांगतो. कर्ण त्याचं म्हणणं खोडायला उभा राहतो, पण मुद्द्याआधी वय काढतो: पोर असून म्हाताऱ्यासारखं काय बोलतोस!

लोकशाही शिक्षणाच्या चर्चेत राजसभा कशाला, असं कुणी विचारेल. मला मात्र वर्गात घेण्यासाठी याहून चांगला प्रसंग सुचत नाही. स्वतःवरचा हक्क गमावलेला माणूस दुसऱ्याला पणाला लावू शकतो का, मुळात माणूस पणाला लावता येतो का, हा निखळ तत्त्वज्ञानाचा प्रश्न त्यात आहे. पण तो कुणा पंडिताला निवांत बसून सुचलेला नाही. जिच्या जिवावर बेतलंय तिने तो विचारलाय, त्यामुळे गोष्टीतून उपटून काढला की त्याचा जीव जातो. शिवाय तो विचारला जातो भरल्या सभेत. कोण कुठे बसलंय, कुणाला बोलायची मुभा आहे, बोलणाऱ्याला काय ऐकून घ्यावं लागतं, हे सगळं तिथे डोळ्यांना दिसतं. शाळा या प्रसंगाचे तुकडे करते. गोष्ट भाषेच्या तासाला जाते, नाटक स्नेहसंमेलनाला, आणि प्रश्न विचारला गेलाच तर ‘उत्तर एका वाक्यात लिहा’ या सदरात. लोकशाही शिकवायची ती नागरिकशास्त्रात, जिथे यातलं काहीही नसतं.

संवाद, गोष्ट आणि नाटक या तिघांना एकाच तासात, एकाच कामाला जुंपलं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. शिकणं रंजक होतं वगैरे कारणासाठी नाही. रंजक तर पुष्कळ काही होतं. कारण असं की या तिघांपैकी प्रत्येकाला आपापला एक रोग आहे आणि त्याचं औषध उरलेल्या दोघांकडे आहे. मात्र या एकत्र येण्याला एक अट आहे, आणि ती बहुतेक उत्साही कार्यक्रमांत पाळली जात नाही: शेवट आधी ठरलेला असता कामा नये.

आधी संवादाचा रोग पाहू. तात्त्विक संवादाचं नाव निघालं की सॉक्रेटिस आठवतो आणि सॉक्रेटिस म्हटलं की प्रश्न विचारणारा शहाणा माणूस. पण प्लेटोने लिहिलेले ते संवाद नीट वाचले, तर समोरच्यांच्या तोंडी पानोपानी काय असतं? ‘होय सॉक्रेटिस’, ‘अर्थातच’, ‘तसं दिसतं खरं’. ‘रिपब्लिक’च्या पहिल्या भागात थ्रॅसिमॅकस नावाचा तापट वक्ता न्याय म्हणजे बलवानाचं हित, असं ठासून सांगतो. सॉक्रेटिस त्याला युक्तिवादात घेरतो. तेव्हा थ्रॅसिमॅकस जे म्हणतो ते प्रत्येक शिक्षकाने ध्यानात ठेवावं असं आहे: म्हाताऱ्या बायका गोष्टी सांगतात तेव्हा आपण जशी मान डोलावतो, तशी मी आता तुझ्यापुढे डोलावीन. म्हणजे वाद जिंकला गेला, माणूस होता तिथेच राहिला. वर्गातही हेच घडतं. चर्चेच्या तासाला चार-पाच मुलं बोलतात, त्यांच्या घरात बोलायची सवय असते, शब्द हाताशी असतात. बाकीची मुलं मान डोलावतात. शिक्षकाला वाटतं चर्चा रंगली.

मुलांबरोबर तत्त्वज्ञान करण्याची जी चळवळ आज जगभर दिसते, तिची सुरुवात मॅथ्यू लिपमन या अमेरिकी प्राध्यापकाने केली. १९६८ साली कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थी आंदोलन पेटलं तेव्हा तो तिथे शिकवत होता. आंदोलक आणि प्रशासन दोन्हीकडचा विचार त्याला इतका ढिसाळ वाटला की त्याने निष्कर्ष काढला: विद्यापीठात तर्क शिकवायला घेणं म्हणजे फार उशीर. सुरुवात दहा-अकरा वर्षांच्या मुलांपासून करायला हवी. १९७४ मध्ये न्यू जर्सीतल्या माँटक्लेअर इथे त्याची संस्था उभी राहिली आणि अ‍ॅन मार्गारेट शार्प ही त्याची प्रमुख सहकारी झाली. पद्धत साधी. सगळ्यांनी गोल बसायचं, एक कथा आळीपाळीने मोठ्याने वाचायची, मुलांनीच प्रश्न काढायचे, त्यातला कुठला घ्यायचा तेही त्यांनीच ठरवायचं, आणि शिक्षकाने उत्तर न देता चर्चेचा धागा धरून ठेवायचा.

लिपमनला गोष्टीची गरज कळली होती, हे त्याचं मोठेपण. त्याने मुलांसाठी कादंबऱ्या लिहिल्या. पहिल्या कादंबरीत वर्गात तंद्री लागलेला एक मुलगा चुकीचं उत्तर देतो आणि त्या चुकीतून त्याला दिसतं की ‘सगळे ग्रह सूर्याभोवती फिरतात’ हे खरं असलं, तरी ‘सूर्याभोवती फिरणारं सगळं म्हणजे ग्रह’ हे खरं नाही. छान आहे. पण पुढे पुढे जाणवतं की ही पात्रं माणसं नाहीत, तर्काचे नियम वाहणारे हमाल आहेत. त्यांना राग येतो तो मुद्द्यापुरता. कुणाचं काही जात नाही, कुणाला काही गमवावं लागत नाही. द्रौपदीचा प्रश्न आणि या मुलाचा प्रश्न दोन्ही तर्काचेच, पण एकाच्या उत्तरावर एका बाईचं सगळं आयुष्य टांगलेलं आहे.

मग भरपूर गोष्ट द्यावी का? इथे गोष्टीचा रोग समोर येतो. गोष्ट आपल्याला दुसऱ्याच्या जागी नेते, हे तिचं बळ. पण ती कुणाच्या जागी नेणार ते सांगणारा ठरवतो. ज्याच्या डोळ्यांनी कथा दिसते त्याचं दुःख आपल्याला भिडतं, आणि जो कोपऱ्यात उभा आहे तो कोपऱ्यातच राहतो. जनतेला भडकवणारा प्रत्येक नेता आधी उत्तम कथेकरी असतो. अन्याय झालेले आपण, अन्याय करणारे ते, आणि एक दिवस हिशेब चुकता करणारा मी, एवढ्या तीन पात्रांवर अनेक राजवटी आल्या आहेत. गोष्टीला पुरावा लागत नाही. तिला विरोधी बाजू ऐकून घ्यावी लागत नाही. म्हणून गोष्टींमुळे सहानुभूती वाढते आणि सहानुभूतीमुळे लोकशाही वाढते, हे जे सहज बोललं जातं, ते मला अर्धवट वाटतं. आपल्या माणसांविषयीची सहानुभूती वाढवणाऱ्या गोष्टी द्वेषाच्याही फार कामाच्या असतात.

जुन्या कथाकारांना हे ठाऊक असावं. वेताळ राजाला गोष्ट सांगतो, पण गोष्ट संपवत नाही. शेवटी निवाड्याचा प्रश्न टाकतो: खरा त्याग कुणाचा, खरा दोष कुणाचा? राजा उत्तर देतो, वेताळ पुन्हा झाडावर. बरोबर उत्तराने काहीच सुटत नाही, पुढची गोष्ट तेवढी सुरू होते. हे चक्र थांबतं ते शेवटच्या गोष्टीत, नात्यांचा गुंता ऐकून राजाला काही सुचत नाही आणि तो गप्प राहतो तेव्हा. आपल्या परीक्षा पद्धतीने मात्र या कथेतून फक्त उत्तर देणारा राजा उचलला. तरीही वेताळाच्या गोष्टींत एक उणीव राहतेच. राजा एकटाच आहे. निवाडा त्याचा, खांद्यावरचं ओझंही त्याचंच. ज्यांच्याविषयी तो निवाडा देतो त्यातलं कुणी तिथे नसतं.

नाटक नेमकं त्याच माणसाला समोर आणून उभं करतं. पण नाटकाचा रोग सगळ्यांत वाईट, कारण तो दिसतो भव्य. ऑगस्तो बोआल या ब्राझीलच्या नाटककाराने स्वतःच सांगितलेला प्रसंग आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची मंडळी देशाच्या ईशान्य भागातल्या गरीब शेतकऱ्यांसमोर क्रांतीचं नाटक करत. जमिनीसाठी रक्त सांडलं पाहिजे, अशी घोषणा, हातात बंदुका. प्रयोगानंतर विर्जिलिओ नावाचा शेतकरी गहिवरून आला आणि म्हणाला, चला, आधी जेवू, मग तुमच्या बंदुका घेऊन जमीनदाराच्या माणसांना हुसकावू. नटांनी ओशाळून सांगितलं की बंदुका नाटकातल्या आहेत. मग बंदुका राहू द्या, तुम्ही तरी या, आमच्याकडे सगळ्यांना पुरतील एवढ्या आहेत. आम्ही नट आहोत, शेतकरी नाही, असं उत्तर आलं. तेव्हा तो म्हणाला, म्हणजे तुम्ही जे रक्त सांडायचं म्हणता ते आमचं, तुमचं नव्हे. बोआलने त्यानंतर तसली उपदेशाची नाटकं थांबवली.

शाळांमधून सामाजिक विषयांवर जी पथनाट्यं बसवली जातात, त्यातली बहुसंख्य याच जातीची असतात. मुलं घोषणा देतात, वाईट माणूस शेवटी सुधारतो, पालक टाळ्या वाजवतात. मुलांनी काही ठरवलेलं नसतं, संहिता शिक्षकांची असते. पाठांतरच ते, फक्त हातवारे करून केलेलं.

याच्या उलट टोकाचा धोकाही सांगायला हवा. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, ५ एप्रिल १९६८ ला, अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जेन एलियट या शिक्षिकेने तिसरीच्या वर्गात डोळ्यांच्या रंगावरून मुलांची विभागणी केली. निळ्या डोळ्यांची मुलं श्रेष्ठ, तपकिरी डोळ्यांची कनिष्ठ, नंतर उलट. भेदभाव म्हणजे काय ते त्या मुलांना अंगावर कळलं, यात शंका नाही. पण मला हा प्रयोग लोकशाही शिक्षणाचा नमुना वाटत नाही. मुलांना हे नाटक आहे हे आधी सांगितलेलं नव्हतं. भूमिका त्यांनी घेतलेल्या नव्हत्या, त्यांच्यावर टाकलेल्या होत्या, आणि सगळं चाललं होतं शिक्षिकेच्या अधिकारावर. अन्यायाविषयीचा धडा आज्ञापालनातून शिकवला गेला. ज्या मुलाला बाहेरच्या जगात रोजच कनिष्ठ ठरवलं जातं, त्याला वर्गात आणून पुन्हा तेच भोगायला लावणं तर क्रूरपणाच. नाटकात ‘हे नाटक आहे’ ही खूण सगळ्यांना ठाऊक असणं आणि कुणालाही कधीही भूमिकेतून बाहेर पडता येणं, या दोन गोष्टींवर तडजोड नको.

तिन्ही एकत्र आल्यावर काय होऊ शकतं याचं मला सर्वाधिक भावलेलं उदाहरण बर्लिनमधलं आहे. १९३० मध्ये जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्तने कुर्ट वाइलच्या संगीतावर शाळांसाठी एक छोटं संगीत नाटक लिहिलं. डोंगरातून खडतर प्रवास करणाऱ्या तुकडीत एक मुलगा आजारी पडतो. अशा वेळी आजाऱ्याला मागे टाकायचं, अशी जुनी रीत. रीतीप्रमाणे त्याची संमती विचारली जाते, तो ‘हो’ म्हणतो आणि दरीत ढकलला जातो. बर्लिनच्या नॉयकॉल्न भागातल्या कार्ल मार्क्स शाळेतल्या मुलांनी त्यावर चर्चा केली आणि त्यातल्या अनेकांना हा शेवट पटला नाही. मुलाने हो का म्हणावं? बाकीच्यांनी दुसरा उपाय का शोधला नाही? ब्रेख्तने मुलांच्या आक्षेपांची टिपणं वाचली, नाटकात बदल केले आणि एक दुसरं नाटकही लिहिलं. त्यात मुलगा ‘नाही’ म्हणतो. जुनी रीत त्याला शहाणपणाची वाटत नाही. प्रत्येक नव्या परिस्थितीत नव्याने विचार करायची नवी रीत हवी, असं तो म्हणतो, आणि सगळे मागे फिरतात. ही दोन्ही नाटकं जोडीने करावीत, अशी ब्रेख्तची इच्छा होती.

यात गोष्ट आहे, तिच्यात कुणाचा तरी जीव जातो. नाटक आहे, त्यामुळे ‘हो’ म्हणताना मुलाचा चेहरा दिसतो. आणि संवाद आहे, पण तो नाटकानंतरचा शोभेचा कार्यक्रम नाही, कारण त्या संवादाने शेवट बदलला. नामवंत लेखकाने शाळकरी पोरांच्या आक्षेपांवरून आपली संहिता फिरवली. मुलं चुकली असती तर? चुकली असतीही. म्हणून तर दोन्ही शेवट शेजारी शेजारी ठेवायचे, आणि पुढच्या वर्गाने पुन्हा भांडायचं.

बोआलही पुढे अशाच ठिकाणी पोचला. लष्करी राजवटीने त्याला १९७१ मध्ये अटक करून छळलं, मग तो देशाबाहेर पडला. १९७३ मध्ये पेरूमधल्या साक्षरता मोहिमेत काम करताना त्याच्या एका प्रयोगात अडचणीत सापडलेली बायको होती. नवऱ्याने तिला फसवलं होतं. तिने काय करावं ते प्रेक्षकांनी सुचवायचं आणि नटांनी करून दाखवायचं. एका बाईने सुचवलं की तिने नवऱ्याशी स्पष्ट बोलावं. नटीने करून दाखवलं, बाईंना ते पसंत पडेना. पुन्हा केलं, तरी नाही. शेवटी बोआल वैतागून म्हणाला, तुम्हीच या आणि दाखवा. बाई मंचावर चढल्या, नवरा झालेल्या नटाला धरलं आणि झाडूने बडवून काढत आपलं म्हणणं ऐकवलं. प्रेक्षकाने मंचावर येऊन पात्राची जागा घ्यायची, या त्याच्या फोरम रंगभूमीचा उगम तो या घटनेत सांगतो. घटना विनोदी आहे, पण तिने चर्चेची मर्यादा उघडी पाडली. मंचाखालून दिलेला सल्ला आणि मंचावर उभं राहून केलेली कृती यांत केवढं अंतर असतं, ते चर्चेत कधीच कळलं नसतं. आता कुणी म्हणेल, झाडू हा काही युक्तिवाद नव्हे. बरोबर. म्हणून नाटकानंतर पुन्हा बसून बोलायला हवं: मारण्याने काय साधलं, उद्या सकाळी त्या घरात काय होईल? बोआलच्या अनुयायांत हा दुसरा भाग बरेचदा घाईत उरकला जातो, ही माझी तक्रार आहे.

तो स्वतः मात्र थांबला नाही. रिओ द जानेरोच्या नगरपरिषदेवर निवडून आल्यावर १९९३ ते १९९६ या काळात त्याने वस्त्यावस्त्यांतून हे प्रयोग केले, त्यांतून निघालेल्या मागण्यांचे मसुदे बनवले आणि त्यातले तेरा कायदे मंजूर झाले. नगरपालिकेच्या रुग्णालयांत वृद्धांच्या आजारांचे तज्ज्ञ डॉक्टर हवेत, हा त्यातलाच एक. कल्पनेतला शेवट बदलणं आणि खरा नियम बदलणं यांच्यामध्ये वाट काढता येते, याचा हा धडधडीत पुरावा.

लोकशाही आणि नाटक यांचं नातं अर्थात याहून कितीतरी जुनं आहे. इ.स.पू. ४५८ मध्ये अथेन्सच्या नागरिकांनी एस्किलसच्या नाटकात खुनाचा खटला पाहिला. सूडाच्या देवता एका बाजूला, आईला मारणारा मुलगा दुसऱ्या बाजूला, मतं समसमान. त्या खटल्यात अथीना देवी ज्या न्यायसभेची स्थापना करते, त्याच सभेचे अधिकार खऱ्या अथेन्समध्ये चारच वर्षांपूर्वी मोठ्या वादातून कापले गेले होते. प्रेक्षकांत कित्येक जण असे होते की उद्या त्यांनाच न्यायसभेत मत द्यायचं होतं. पण अथेन्सच्या नागरिकांच्या सभेत स्त्रीला जागा नव्हती, गुलामाला नव्हती. स्त्रीचा मुखवटा घातलेला पुरुष मंचावरून राजाला जाब विचारू शकत होता, घरातली स्त्री सभेत विचारू शकत नव्हती. नाटकात आवाज मिळणं आणि सभेत जागा मिळणं यांत गल्लत करू नये, एवढं अथेन्सकडून शिकण्यासारखं आहे. आणखी एक गंमत. कवींना आदर्श नगरातून घालवून द्या म्हणणाऱ्या प्लेटोने ते म्हटलं कुठे, तर पात्रं असलेल्या संवादात, आणि त्या ग्रंथाचा शेवट केला एका गोष्टीने.

मराठीत या तिन्ही वाटा एकाच माणसाने चालून पाहिल्या होत्या, याचा विसर पडायला नको. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं. पोथीचा धाक घालून गरोदर बाईला आणि तिच्या नवऱ्याला लुबाडणारा भट, आणि हे सगळं चाललेलं असताना मध्येच तोंड घालून प्रश्न करणारा विदूषक. हा विदूषक हसवायला आलेला नाही, तो गोष्ट थांबवायला आलाय. प्रेक्षक कथेत वाहून जाऊ लागला की तो त्याला बाहेर ओढतो. नाटक संपतं ते जोडपं शाळेत शिकायला जायचं ठरवतं तिथे. फुल्यांनी ते दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं आणि कमिटीने नाकारलं. १८७३ ची ‘गुलामगिरी’ त्यांनी धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादात रचली. मी फुल्यांचा चाहता आहे, तरी सांगतो: त्या संवादात धोंडिबा मुख्यतः विचारतो आणि जोतीराव सांगतात. विदूषक ज्या मोकळेपणाने मध्ये घुसतो तो मोकळेपणा धोंडिबाच्या वाट्याला येत नाही. नाटककार फुले मला शिक्षक म्हणून अधिक धीट वाटतात.

हे सगळं वर्गात कसं दिसेल? द्यूतसभेकडे परत जाऊ. आधी प्रसंग सांगायचा, मध्ये न थांबता, चांगला सांगायचा. मग मुलांनी प्रश्न काढायचे. त्यातला एक निवडून थोडं बोलायचं. मग उठायचं आणि सभा मांडायची: कोण कुठे बसेल, कोण उभं असेल, दार कुठे. मांडता मांडताच प्रश्न पडू लागतात, कारण द्रौपदीला कुठे उभं करायचं हे ठरवताना कुणीतरी विचारतंच की ती कुणाकडे बघत असेल. ती भूमिका कुणा मुलीने करायलाच हवी असं नाही; एक रिकामी खुर्ची पुरते, आणि तिच्या विटंबनेचं दृश्य करायचं नाही. कारण प्रश्न तिच्या वागण्याचा नाहीच, बघणाऱ्यांच्या वागण्याचा आहे. आता ज्याला वाटेल त्याने ‘थांबा’ म्हणायचं आणि सभेतल्या कुणाची तरी जागा घ्यायची. काही मुलं भीम होतील, ते सोपं आहे. कुणी भीष्म होऊन बघेल आणि त्याला कळेल की ‘धर्म सूक्ष्म आहे’ हे वाक्य किती सोयीचं आहे. कुणी विकर्णाच्या शेजारी नुसतं जाऊन उभं राहील. दुसऱ्या माणसाने पाठिंबा दिल्यावर कर्णाला वय काढणं तितकं सोपं राहतं का? आणि प्रातिकामी झालेल्या मुलाने निरोप घेऊन जायलाच नकार दिला तर? त्याला काय भोगावं लागेल, त्याच्यामागे कोण उभं राहील? मग पुन्हा खाली बसायचं. आता जे बोलणं होतं ते पहिल्या चर्चेसारखं राहत नाही, कारण एरवी गप्प बसणाऱ्या मुलाने मघाशी उठून काहीतरी केलेलं असतं आणि सगळे त्याच्या करण्याविषयी बोलत असतात. शिक्षकाने स्वतः एखादी दुबळी भूमिका घ्यावी. डोरथी हीथकोट या ब्रिटिश नाट्यशिक्षिकेने शिक्षकाने भूमिकेत शिरण्याचं हे तंत्र रुजवलं. ज्याला माहीत नाही, ज्याला मदत हवी आहे अशा पात्रात शिक्षक गेला की वर्गातला अधिकाराचा तोल आपोआप हलतो.

वेळ कुठून आणायचा, हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. असा एक प्रसंग नीट घ्यायला दोन-तीन तास लागतात. अभ्यासक्रम कापावा लागेल, आणि कापावा. पण त्याची भरपाई गुणांतून होईल असं आश्वासन देऊ नये. इंग्लंडमध्ये ४८ प्राथमिक शाळांत मुलांबरोबरच्या तत्त्वज्ञानाची चाचणी झाली. २०१५ च्या अहवालात वाचन आणि गणितात थोडी प्रगती दिसली आणि समर्थकांनी तो अहवाल मिरवला. पुढे जवळपास दोनशे शाळांत मोठी चाचणी झाली, तिच्यात वाचनावर परिणाम आढळला नाही. मग ‘हे मोजमापच चुकीचं’ अशी कुरकुर सुरू झाली. मोजमाप चुकीचं होतंच, पण ते पहिल्या वेळीही तेवढंच चुकीचं होतं. एकत्र बसून निवाडा करता येणं ही गोष्ट गणिताच्या गुणांसाठी शिकवायची नसते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. सगळेच शेवट खुले ठेवले, तर मुलांना वाटेल की कशावरही दोन बाजू असतात. हे होऊ देऊ नये. पाण्याचं वाटप कसं करावं हा खुला प्रश्न आहे. कुणाला माणूस म्हणून मोजावं का, हा नाही. द्यूतसभेच्या प्रसंगात ‘द्रौपदीला ओढून आणणं योग्य होतं का’ यावर वादविवाद ठेवणारा शिक्षक तटस्थ नसतो, तो दुर्योधनाच्या बाजूने बसलेला असतो. खुला प्रश्न वेगळा आहे: हे चुकीचं आहे हे सभेतल्या अनेकांना कळत असताना कुणी काय करू शकलं असतं? मुलं या बाबतीत मोठ्यांपेक्षा कच्ची नसतात. त्यांना न्याय कळतो. पुढचं पाऊल उचलायला जी जागा लागते, ती त्यांना मिळत नाही.

आणि इथेच माझा या चळवळीतल्या मंडळींशी खरा मतभेद आहे. गोल बसून तास झाला, नाटकात राजाला जाब विचारून झाला, घंटा वाजली. त्यानंतर त्याच मुलांनी रांगेत, तोंडावर बोट ठेवून जायचं असेल, तर हे सारं लुटुपुटीचं ठरतं. किंबहुना घातक ठरतं, कारण लोकशाही ही मंचावर करायची गोष्ट आहे आणि मंचाखाली हुकूम चालतो, हे मुलांना फार पक्कं कळतं. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्यूईने १९१६ मध्येच लिहून ठेवलं होतं की लोकशाही ही राज्यपद्धतीच्या आधी एकत्र जगण्याची पद्धत आहे. त्याचं नाव सगळ्या शिक्षण पदव्यांच्या अभ्यासक्रमांत असतं, आणि शाळेत कुठल्या गोष्टी मुलांनी ठरवायच्या याची यादी जवळपास कुठेच नसते.

यानुष कोर्चाक या पोलंडमधल्या डॉक्टर-शिक्षकाने अशी व्यवस्था करून दाखवली होती. वॉर्सामधल्या त्याच्या अनाथाश्रमात मुलांचं न्यायालय होतं. न्यायाधीश मुलंच. संहितेतली पहिली नव्याण्णव कलमं आरोपीला सोडून देण्याची किंवा क्षमा करण्याची, शंभरपासून पुढे दोष वाढत जातो आणि हजारावं कलम आश्रमातून काढून टाकण्याचं. खटला कुणावरही करता येई, मोठ्यांवरही. कोर्चाकने लिहून ठेवलंय की सहा महिन्यांत तो पाच वेळा या न्यायालयापुढे उभा राहिला. एका मुलाच्या कानाखाली मारली म्हणून. एकाला झोपायच्या खोलीतून बाहेर काढलं म्हणून. एकाला कोपऱ्यात उभं केलं म्हणून. एका न्यायाधीशाचा अपमान केला म्हणून. एका मुलीवर चोरीचा संशय घेतला म्हणून. या खटल्यांनी आपल्याला घडवलं, असं तो म्हणतो; मुलांवर अन्याय न करणारा शिक्षक तो प्रेमळ आहे म्हणून तसा वागत नाही, त्याच्या मनमानीला आवर घालणारी व्यवस्था आहे म्हणून वागतो. त्या आश्रमात नाटकंही होत. १८ जुलै १९४२ ला, नाझींनी ज्यूंसाठी केलेल्या घेट्टोत, म्हणजे कोंडवाड्यासारख्या वस्तीत, अडकवलेल्या त्या मुलांनी रवींद्रनाथ ठाकुरांचं एक नाटक केलं. त्यानंतर काही आठवड्यांतच त्यांना आणि कोर्चाकला त्रेब्लिंकाच्या नाझी मृत्यूछावणीत नेऊन मारण्यात आलं. त्या प्रयोगाविषयी नेहमी मृत्यूच्या संदर्भात लिहिलं जातं. ज्या मुलांनी तो केला त्यांच्या घरात आपल्या पालकाला न्यायालयात उभं करायचा कायदा होता, हे त्या लेखनात क्वचित येतं.

म्हणून उद्या एखाद्या शाळेने किंवा शिक्षण खात्याने संवाद, कथा आणि नाट्य यांचा उपक्रम आखला, तर मी कार्यशाळा किती, प्रशिक्षक कोण, प्रयोग कुठे, हे नंतर विचारेन. आधी विचारेन की शाळेतले कुठले तीन नियम मुलांच्या हातात देणार आहात. गृहपाठ किती, खेळाचं मैदान कुणाला कधी, वर्गातल्या भांडणाचा निवाडा कोण करणार, असे साधेच असू देत. मुलांनी त्यातला एखादा नियम मुख्याध्यापकांना न आवडेल असा बदलला, तर तो वर्षभर तसाच राहील, हे लेखी हवं.